गोत्रासाठी सोडलेली जागा

पुण्याच्या आमच्या गुरुजींनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर तर्पणाचा ऑडिओ पाठवला होता. त्यात त्यांनी जागा सोडल्या होत्या. मंत्र म्हणता म्हणता ते मध्येच थांबायचे. ती जागा माझी. तिथे मी गोत्र म्हणायचं, नाव म्हणायचं, मग ते पुढे निघायचे. मागे त्यांच्या घरातली भांडी वाजत होती, एकदा तर दाराची बेलही वाजली, पण गुरुजी थांबायचं तिथे नेमके थांबत होते. परदेशातल्या यजमानांसाठी त्यांनी हे एकदाच रेकॉर्ड करून ठेवलंय आणि सगळ्यांना तेच फॉरवर्ड करतात. ऐकून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग यायला मला फार काही लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

माझे बाबा इथेच अमेरिकेत गेले, कॅरीला. आई-बाबा थोडे महिने राहायचं म्हणून माझ्याकडे आले, इथे आल्यावर बाबांचं दुखणं निघालं आणि राहणं लांबत गेलं. बाबा गेल्यावर आईने एकच धोशा लावला, मला पुण्याला सोड. पुण्याला कुणाकडे सोडणार? मी एकुलती एक. तिथला फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा भरवसा नाही आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. मी समजूत काढायची, ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग हळूहळू तो धोशा थांबला. त्याचं श्रेय माझं नाही, समोरच्या घरातल्या बाईंचं आहे.

तोंडावर मी त्यांना इथल्या दक्षिणेतल्या रिवाजाप्रमाणे ‘मिस’ लावून पहिल्या नावाने हाक मारते. पण आईच्या वयाची आईची मैत्रीण म्हणजे मराठीत मावशीच, त्यामुळे मनात त्या मावशी. आफ्रिकन अमेरिकन, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी ऑफिस आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये धावत होते, तेव्हा त्या न बोलावता येऊन आईजवळ बसायच्या. बाबा गेले त्या दिवशी त्यांनी आईचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. पुढे दुपारी येणं हा नेमच झाला. टीव्हीवर प्रश्नमंजुषा लागायची. मावशी उत्तरं ओरडून सांगायच्या आणि आई गवार मोडत ‘करेक्ट, करेक्ट’ म्हणायची, उत्तर चुकलं तरी. आईचं इंग्रजी ‘सिट’, ‘ईट’ आणि ‘नो शुगर’ इथे संपतं, आणि मावशींचं मराठी ‘चहा’ आणि ‘बास’ इथे. तरी मी कामावरून यायचे तेव्हा दोघींच्या गप्पा संपलेल्या नसायच्या. मी आई म्हणते म्हणून मावशींना ते तिचं नावच वाटलं होतं. अर्थ कळल्यावर त्या म्हणाल्या, मग तर मी तेच म्हणणार.

थोडक्यात, आईचं इथलं राहणं या एका बाईवर टेकलेलं होतं. मंडळातल्या काकू यायच्या, नाही असं नाही, पण त्या सणावारी. रोजच्या दुपारी मावशींच्या. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणून मावशींशी बोलताना मी माझी जीभ सांभाळायचे, जी मी एरवी कुणासाठी सांभाळत नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरचा पहिला पितृपक्ष आला. आईला संगम हवा होता. कॅरीत तळी भरपूर आहेत, बदकांसकट, पण ती म्हणाली, “साचलेल्या पाण्यात सोडून काय पोचणार त्यांना?” मी चिडून नकाशा उघडला. गाडीने जाण्यासारखं, दोन नद्या आणि समुद्र एकत्र भेटतील असं ठिकाण निघालं चार्ल्सटन. सर्वपित्री अमावस्या शनिवारी येत होती, म्हणजे शुक्रवारच्या एका रजेत भागणार होतं. मी तिथेच हॉटेल बुक करत होते आणि मावशी सोफ्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या.

“चार्ल्सटनचे लोक म्हणतात, आमच्या दोन नद्या मिळतात आणि त्यातून अटलांटिक महासागर तयार होतो,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “माझी माणसं जहाजातून तिथेच उतरवली होती. मी कधी गेले नाही. आता डोळ्यांमुळे एवढं ड्राइव्ह होत नाही. मला नेशील?”

त्यांच्या आजीच्या आजीपर्यंतचं त्यांना माहीत होतं. ती चार्ल्सटनजवळच्या एका भाताच्या प्लँटेशनवर, म्हणजे गुलाम राबवायच्या मळ्यावर, गुलाम म्हणून जन्मली, मोठेपणी मोकळी झाली. तिच्या मागचं काही नाही. गुलामांची नोंद करायची तर मालक फक्त पहिलं नाव लिहायचा, तेही त्यानेच ठेवलेलं. मागच्या पिढ्या शोधणारे सगळे तिथेच अडकतात, असं त्या म्हणाल्या. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने मान डोलावली आणि म्हणाली, “म्हणजे तिलाही तिच्या माणसांकडेच जायचंय की. येऊ दे.”

शुक्रवारी सकाळी निघालो. नवरा ऑफिसच्या कामाला दुसरीकडे गेला होता, म्हणून गाडीत आम्ही तिघीच. मागच्या सीटवर आई आणि तिच्या दशम्यांचा डबा, पुढे मावशी. साउथ कॅरोलायना लागल्यावर रस्त्याकडेच्या एका टपरीशी मावशींनी गाडी थांबवायला लावली आणि वाफाळती कागदी पिशवी घेऊन आल्या. आईने हात घातला आणि ओरडलीच, “अगं बाई! ह्या तर आपल्या उकडलेल्या शेंगा!” मावशींना वाटत होतं की जगात हे फक्त त्यांच्याकडेच करतात. पुढचा सगळा रस्ता दोघी शेंगा सोलत होत्या आणि माझ्या गाडीत टरफलं. मी काही बोलले नाही. मला बरं वाटत होतं, आणि मला बरं वाटत असलं की मी गप्प बसते.

आधी थांबलो ते मावशींच्या आजीच्या आजीच्या प्लँटेशनवर. तिथे फाटकापासून आतल्या बंगल्यापर्यंत दोन्ही बाजूंना ओकची जुनी झाडं आहेत. फांद्या वर एकमेकींना भेटलेल्या, त्यांवरून करडं शेवाळ लोंबतंय. सुंदर आहे. किती सुंदर आहे याचाच राग यावा इतकं सुंदर आहे. हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नासाठी पांढऱ्या खुर्च्या मांडत होते.

फाटकाशी मोठी पाटी होती. ज्या घराण्याची ही जमीन, त्यांचं नाव वर ठळक अक्षरांत. मावशी पाटीसमोर उभ्या राहिल्या. आई काठी टेकत मागून आली, तिने एकेक अक्षर लावत पाटी वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

“अगं, हे तर हिचंच आडनाव! हिच्याच घराण्याचं का हे सगळं? केवढं मोठं घराणं गं! कधी बोलली नाही ती!”

आईची चूक म्हणावी तर काय? आमच्यात आडनाव जुळलं की माणूस पुढे सरकतो. तुम्ही कुठले, मूळ गाव कोणतं, आमच्या अमक्यांपैकी का? ट्रेनमध्ये, लग्नात, दवाखान्यात, आई आयुष्यभर हेच करत आली आहे. आडनाव एक म्हणजे कुठेतरी रक्त एक. मालक आपलं नाव जनावरावर डागावं तसं माणसाला लावतो, हे तिच्या हिशेबात कुठून येणार?

“काय म्हणतेय आई?” मावशींनी विचारलं.

“झाडं फार सुंदर आहेत म्हणतेय,” मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी वर्षानुवर्षं मुलं शिकवली आहेत, खोटं बोलणारं पोर त्यांना कळतं. पण त्या आत चालू लागल्या. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. मग बाकी कुणाची नावं तरी कशाला लिहू?

आईला एका बाकावर बसवून मी मावशींबरोबर गेले. बंगल्याच्या बाजूला विटांच्या खोल्यांची रांग होती, गुलामांना ठेवायच्या. तरुण गाइड मुलगी हळू आवाजात सांगत होती की विटाही त्यांनीच पाडलेल्या, आणि ओल्या विटा उचलून वाळत घालायचं काम लहान मुलांचं, म्हणून काही विटांवर बोटांचे ठसे राहिलेत. मावशी वाकल्या. एका विटेत तीन खळगे होते. त्यांनी एका खळग्यात बोट ठेवून पाहिलं, ते बसेना. फार लहान होता तो. त्यांनी करंगळी ठेवली, तीही बसली नाही. मी शेजारी उभी होते. काहीतरी बोलावं म्हणून मी “आय अ‍ॅम सॉरी” म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मला लाज वाटली. मावशी म्हणाल्या, “हं,” आणि पदर झटकावा तसा स्कर्ट झटकून उठल्या.

परत आल्यावर त्या गाडीकडे गेल्या आणि मी आईजवळ बाकावर बसले. तिला आता सांगणं भाग होतं, नाहीतर ती रात्री जेवताना मावशींना घराण्याबद्दल विचारणार.

“आई, ते नाव मालकाचं आहे. त्याने विकत घेतलेल्या माणसांना त्याचं नाव लागलं.”

“म्हणजे हिचं खरं आडनाव दुसरंच?”

“असेल.”

“काय?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? तिला नसेल, पण कुणाला तरी असेल ना? कुळ, गाव, काहीतरी?”

“कुणालाच नाही, आई.”

आईला ते पचेना. तिला बाबांच्या घरच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत, वर त्यातला कोण कशाने गेला तेही. ती काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून त्या खुर्च्या मांडणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गरीब बिचारी,” आणि डोळ्यांना पदर लावला. आई मनापासून रडत होती, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

शनिवारी सकाळी आधी मावशींचं काम. जिथे ती जहाजं लागायची त्या धक्क्यावर आता संग्रहालय उभं आहे, आणि त्याच्या खाली उघड्यावर जमिनीत माणसांच्या आकृत्या आहेत. पूर्ण उंचीची माणसं, पाठीवर झोपलेली, खांद्याला खांदा लावून, जहाजात कोंबलेली तशी. वरून उथळ पाणी येतं, त्यांना झाकतं आणि पुन्हा ओसरतं. लोक कडेने फिरत होते. आई कडेला येऊन थबकली. मी म्हटलं, “चल ना.”

“कशी येऊ? माणसं आहेत ती. पाय लागेल.”

तिने माझा खांदा धरला आणि बूट काढले, मोजे काढले. त्या गुडघ्यांनी खाली वाकताना ती कण्हली. कडेच्या दगडावर अनवाणी उभी राहून तिने हात जोडले. मावशी पलीकडून हे बघत होत्या. त्यांनीही बूट काढले आणि आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाणी ओसरेपर्यंत दोघी तशाच होत्या. मला वाटलं, झालं, ज्यासाठी आलो ते झालं. तेव्हाच गाडीत बसून घरी निघालो असतो तर.

पण श्राद्धाची वेळ दुपारची, आणि बाबांचं राहिलं होतं.

पाण्यात उतरायला सोय अशी की बोटी सोडायचा एक सिमेंटचा उतार होता. वर दोघे-तिघे मासे पकडायला बसले होते, त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. समोर पाणी एवढं रुंद की नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आई खूश झाली. मावशी घडीच्या खुर्चीवर बसल्या. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले, हातात दर्भ, तळहातावर काळे तीळ, फोन आईच्या हातात. मुलगा नाही म्हणून मी. गुरुजींनी आधी आढेवेढे घेतले होते, मग म्हणाले होते, “हल्ली चालतं.” ऑडिओत ते “अपसव्य करा” म्हणाले तेव्हा मला जानवं कुठलं? आईने आठवण केली, “ओढणी फिरव.” मी ओढणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

जागा आली. मी गोत्र म्हटलं, बाबांचं नाव म्हटलं, पाणी सोडलं. मग आजोबांचं, मग पणजोबांचं. सोडलेली जागा कमी पडत होती, पणजोबांचं नाव संपायच्या आत गुरुजी पुढे निघाले, आणि आईने ओरडून ते नाव पुरं केलं. पाणी अंगठ्याच्या बाजूने तिळांसकट खाली गेलं. बाबांच्या नावाला माझा आवाज फुटला होता, तो तसाच राहिला.

“ही कोणाची नावं?” मावशींनी विचारलं.

मी सांगितलं, वडील, आजोबा, पणजोबा. तीन पिढ्या घ्यायच्या.

“आणि तुला ती माहीत आहेत.”

“आईला सात माहीत आहेत.”

आईने मला काठाशी बोलावलं आणि ती माझ्या कानाशी लागली. “आज सर्वपित्री. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचाच दिवस हा. हिला विचार ना, द्यायचंय का पाणी? पुढे इष्टमित्रांची जागा आहे रेकॉर्डिंगमध्ये, त्यात बसवू. आपल्यात सगळ्याची सोय आहे.”

मी विचारलं. मावशींना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं, आई मानेने हो हो करत होती. मावशी उठल्या. सकाळसारखेच बूट काढून ठेवले आणि माझा हात धरून पाण्यात आल्या. मी त्यांच्या ओंजळीत तीळ घातले, पाणी कसं सोडायचं ते दाखवलं. “आईचं, आजीचं आणि आजीच्या आजीचं म्हणेन,” त्या म्हणाल्या. “तेवढीच आहेत.”

आईने बटण दाबलं. गुरुजी सुरू झाले आणि पहिल्या जागेशी येऊन थांबले. गोत्राची जागा.

“काश्यप म्हण म्हणावं,” आई वरून म्हणाली. “गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात.”

“काय म्हणाली?” मावशींनी विचारलं.

तेव्हा मी पुन्हा झाडं सुंदर आहेत म्हणू शकले नाही. मी सांगितलं. दर वेळी आधी घराण्याचं मूळ नाव म्हणायचं असतं, आणि ज्याला ते माहीत नाही त्याला आमच्याकडे एक ठरलेलं नाव देतात. मी हे माझ्या परीने मऊ करून सांगितलं, पण मऊ करण्यासारखं त्यात होतं काय?

“म्हणजे मला एक नाव देतेय ती.”

मी ओढणीचं ओलं टोक पिळत राहिले.

“आईला सांग,” मावशी म्हणाल्या, अगदी हळू, “आम्हाला एकदा नाव दिलेलं आहे. काल फाटकावर होतं ते.”

त्यांनी ओंजळ उघडली. तीळ पाण्यात पडले नाहीत, उतरावर ओल्या सिमेंटवर पडले. आई ऑडिओ थांबवायला विसरली होती. जागा संपली होती आणि गुरुजी पुढे निघून गेले होते. मावशी बूट हातात घेऊन गाडीकडे चालू लागल्या.

“काय झालं? काय म्हणाली ती?” आई विचारत होती. “मी काय वाईट बोलले? आपल्यातही नसलं तर हेच म्हणतात. सोय आहे ती!”

मी आईला सांगितलं. शब्दाला शब्द. मला त्या उतारावर बसून मोठ्याने रडावंसं वाटलं. दोघींपैकी कुणाची बाजू घेऊ? आईने तिच्याजवळ होतं ते पुढे केलं होतं. मावशींना नको होतं ते पुन्हा त्यांच्यापुढे आलं होतं. मधल्या मधे मी, दोन्ही भाषा येणारी आणि एकीचाही उपयोग नसलेली. आणि खोटं कशाला बोलू, मनात हेही येऊन गेलं की आमच्या गावातही वेशीबाहेरच्या कित्येकांना नावं दुसऱ्यांनीच ठेवली होती, आणि त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

परतीच्या रस्त्यावर उरलेल्या शेंगांच्या पिशवीला कुणी हात लावला नाही. घर आल्यावर मावशी उतरल्या, “थँक यू फॉर ड्रायव्हिंग” म्हणाल्या आणि दार हळू लावून गेल्या. त्यांनी ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात दुपारी त्या आल्या नाहीत. टीव्ही लागायचा, आई आवाज बारीक करून बसायची आणि खिडकीतून समोर बघायची. मी न राहवून मावशींकडे गेले. त्यांनी मला ओसरीवर बसवलं.

“मी आईवर रागावले नाहीये,” त्या म्हणाल्या. “ती चांगलं करायला गेली. पण तुमच्याकडे सात पिढ्यांची नावं आहेत, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी एक जादाचंही आहे. मला ते जादाचं नको होतं. मला माझं हवंय. आणि ते कुणाकडेच नाही. तू काय करणार त्याला?”

मी काहीच करणार नव्हते. मी म्हटलं, या ना चहाला. त्या म्हणाल्या, येईन.

आल्याही. पण आईने त्या दिवसासाठी ‘सॉरी’ हा शब्द तयार ठेवला होता. बसताना सॉरी, चहा देताना सॉरी, साखर नाही म्हणून सॉरी, निघताना हात धरून सॉरी. मावशी दर वेळी “इट्स ओके, आई” म्हणायच्या. पुढच्या खेपेलाही तेच. आईला थांबता येईना आणि मावशींना तो शब्द ऐकवेना. माफी मागूनही काही बिघडतं, हे मी तेव्हा पाहिलं. मी आईला म्हटलं, बास कर आता. ती म्हणाली, “मग काय बोलू? मला दुसरं येतं काय?” हळूहळू मावशींचं येणं विरळ झालं. भांडण नव्हतं, म्हणून मिटवताही येईना.

थंडी सुरू झाली तेव्हा आईचा धोशा परत आला. या वेळी ती रडून सांगत नव्हती, शांतपणे सांगत होती. “मला पुण्याला सोड. इथे मला बोलता येत नाही, आणि बोलले की हे असं होतं.” मी या वेळी भांडले नाही, आणि त्यावरून माझ्या नवऱ्याला कळलं की आई जाणार. पुण्याच्या शेजाऱ्यांनी चोवीस तास राहणारी एक बाई शोधून दिली.

जायच्या दिवशी मावशी आल्या. आमच्या गाडीपाशी दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आई सॉरी म्हणाली नाही. मावशींनी तिच्या पर्समध्ये उकडलेल्या शेंगांची पिशवी कोंबली. ती तिने विमानात फोडली नाही, पुण्याला नेऊन देवापुढे ठेवली, असं मला तिथल्या शेजाऱ्यांकडून कळलं.

यंदा पितृपक्ष लागला आणि आईने व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ पाठवला. सोबत एक ओळ नाही. मी ऐकायला लागले. नवं रेकॉर्डिंग होतं, गुरुजींना घरी बोलावून तिने करून घेतलेलं. बाबांचं झालं, आजोबांचं, पणजोबांचं, या वेळी जागा पुरेशा लांब होत्या. मग गुरुजींचा आवाज बदलला, नेहमीच्या बोलण्याचा झाला.

“आता त्या तुमच्या मैत्रिणीच्या माणसांचं. गोत्र काय, काश्यपच ना?”

“नको,” आईचा आवाज. “तिथे रिकामं ठेवा.”

“अहो, रिकामं कसं ठेवणार? गोत्र नसलं तर पाणी पोचायचं नाही.”

“नाही पोचलं तर नाही पोचलं. पण दुसऱ्याचं नाव नको.”

गुरुजी काहीतरी पुटपुटले. मग मंत्र सुरू झाला आणि गोत्राशी येऊन थांबला. बराच वेळ थांबला. कुकरची शिट्टी झाली, खाली रिक्षा गेली, कुणीतरी खोकलं. मग गुरुजी पुढे निघाले. गुरुजींना हे मधलं कापायचं सुचलं नव्हतं, किंवा आईनेच कापू दिलं नव्हतं.

मी फोन घेऊन समोर गेले. मावशी ओसरीवर होत्या. मी त्यांना ऐकवलं आणि वाक्यावाक्याला अर्थ सांगत गेले, शब्दाला शब्द, काही मऊ न करता. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा लाव.”

मी सुरुवातीपासून लावायला लागले.

“बोलणं नको. ती नुसती रिकामी जागा लाव.”

मी शोधून ती लावली. कुकर, रिक्षा, खोकला. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाशी धरला. जागा संपली तेव्हा त्यांनी विचारलं, “आई परत कधी येणार?”

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी आता एवढा प्रवास नाही म्हणून सांगितलंय. हे सगळं इंग्रजीत सांगायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि ती जागा पुन्हा लावून दिली.